सांगता येत नाही, खाला

हे मी आजवर कोणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, आईपाशी नाही, आणि जिच्यापाशी बोलायला हवं होतं तिच्यापाशी तर नाहीच. तुम्ही माझे कोण? कोणीच नाही – म्हणून कदाचित जमेल. मध्येच मी विषय बदलीन, काहीतरी गमतीचं सांगत बसेन. तसं झालं तर समजा की जवळ आलंय. वर्गातही माझं असंच होतं. अवघड गणित आलं की मी आधी फळा पुसत बसते.

मी अकोल्यात एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. कायम नोकरी, स्वतःचं कपाट, हजेरीपटावर नाव. मुलं मला घाबरतात, कारण मला मोघम उत्तर चालत नाही. "सुमारे", "बहुतेक", "असं म्हणतात" – असलं काही वहीत दिसलं की मी लाल रेघ ओढते. माहीत असेल तर माहीत आहे म्हणा, नसेल तर नाही म्हणा. वैशाली मॅडम नेमकं बोलतात, अशी माझी ख्याती आहे. ऐकून बरं वाटतं. खरं सांगू? ऐकलं की मी विषय बदलते.

युरोपात जमिनीखाली ते अवाढव्य यंत्र सुरू झालं, ते वर्ष आठवतं का तुम्हाला? कणांवर कण आपटायचे आणि त्यातून काय निघतं ते पाहायचं. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनी त्याला "महाप्रयोग" म्हटलं. टीव्हीवाल्यांनी तर ताळच सोडला. लाल आकडे उलटे पळतायत, ढोल वाजतोय, पृथ्वी एका भोकात गरगरत चाललीय, आणि खाली प्रश्न – बुधवारी जग संपणार? तेच तेच दिवसभर. त्या वर्षांत आमच्या वऱ्हाडात टीव्हीची गाडी यायची ती कोणी शेतकरी फवारणीचं औषध प्यायला तरच. घरच्या बाईला दारात उभी करायचे, कपाशीच्या वाळल्या झाडाशी फोटो घ्यायचे, आणि जायचे. लोकांचा त्या डब्यावर विश्वास होता असं नाही. पण मरणाची बातमी तो खरी देतो, एवढं लोकांना ठाऊक झालं होतं.

त्यात एक शब्द घुसला – कृष्णविवर. आमच्या दर्यापूरला दोन दिवसांत त्याचं "काळी विहीर" झालं. तिकडे साहेब लोक काळी विहीर खणून राहिले, अन् सगळं जग तिच्यात पडणार. हसू नका. आमचा सगळा पट्टा खाऱ्या पाण्याचा. चांगली गोड विहीर एखाद्या वर्षी खारट होते, वापस गोड होत नाही. विहीर दगा देते, हे आमच्याकडे कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

मी आणि शाहीन मात्र पोट धरून हसलो होतो.

शाहीनबद्दल सांगते. तिच्या घरचं गाद्या-रजयांचं दुकान, घराच्या पुढच्याच खोलीत. दिवसभर कापूस पिंजणं चालायचं, त्यामुळे तिच्या वेणीत एक तरी पांढरा धागा असायचाच. आम्ही दोघी अमरावतीला एमेस्सीला एकाच वर्गात. रोज दर्यापूरहून जीपमध्ये कोंबून जायचं, परत यायचं. ती पहिली आली, मी दुसरी. नेहमीच ती पहिली आणि मी दुसरी. मग दोघीही गावातल्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर लागलो – म्हणजे तास असेल तोवर मॅडम, उन्हाळ्यात कोणीच नाही. एकच स्टाफरूम, एकच डबा. मला न समजलेलं तिनं समजावलं नाही असं प्रकरण आठवत नाही.

महाप्रयोगाचंही तिनंच समजावलं. जीप स्टँडवर उभ्या होतो. ती म्हणाली, अगं, हे कण आभाळातून रोज आदळतात आपल्यावर. त्या यंत्रापेक्षा कितीतरी जास्त जोरानं. चंद्रावर आदळतात, सूर्यावर आदळतात, कोट्यवधी वर्षं. काही व्हायचं असतं तर आपण इथं जीपची वाट पाहत उभ्या असतो का? इतकं सोपं. ऐकलं त्या क्षणापासून मला ठाऊक होतं की काही होणार नाही. हे लक्षात ठेवा. मला ठाऊक होतं.

आता पत्रांचं. अकोल्यातल्या कॉलेजात एक जागा निघाली – एकच, कायमची. दोघींनी अर्ज केले. पोळ्याच्या आठवड्यात माझं मुलाखतीचं पत्र आलं, तशी मी धावत शाहीनकडे गेले. दारात तिची भाभी. पत्र पाहून म्हणाली, शाहीनचं तर सोमवारीच आलं. तो गुरुवार होता. तीन दिवस आम्ही एका बशीत चहा ओतून प्यायलो होतो, आणि ती एक शब्द बोलली नव्हती.

नंतर तिनं कारण सांगितलं. घरचे पाठवायला तयार होतात की नाही हेच ठरलं नव्हतं; नाही म्हणाले असते तर तुझ्यापुढे रडू आलं असतं, म्हणाली. साधं कारण होतं. मी म्हटलं, अगं त्यात काय. आणि घरी येताना रस्त्यात मला विश्वासघात हा शब्द सुचला. तो मी किती जपला म्हणून सांगू. बाबांनी ठरवलंच होतं की ही नोकरी नाही झाली तर दिवाळीनंतर मोर्शीच्या मुलाला होकार – संत्र्याची बाग, दोन म्हशी, एमेस्सीचं काय करायचं ते तिथं करा. पण ते कारण मी पुढे करणार नाही. मोर्शीचा मुलगा चांगला होता. मला शाहीनला एकदा दुसरी झालेलं पाहायचं होतं, एवढंच खरं आहे.

पाहा, फळा पुसून झाला. आता गणित.

मुलाखत नेमकी त्याच बुधवारी होती. रमजान सुरू होता, आणि आमच्या घरोघरच्या महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, नुकत्याच उठल्या होत्या. शाहीनची आई – मी तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायची – टीव्ही पाहून पार घाबरून गेली होती. धामणगाव रेल्वे या गावी धान्याच्या दुकानात कामाला असलेल्या मुलाला तिनं बोलावून घेतलं. मरायचं तर सगळे एका दस्तरखानावर, एका पंगतीत, असं तिचं म्हणणं. शाहीननं तिला आभाळातल्या कणांचं सांगितलं, हातापाया पडली. खालाचं एकच – तुले जायचं हाय म्हनून तू बोलून राहिली. शेवटी शाहीन मला म्हणाली, तू सांग. अम्मी तुझं ऐकते.

ऐकायचीच. आधीच्या महिन्यात ग्रहण पडलं होतं. भाभीला सहावा महिना. घरातल्या बायांनी तिला खाटेवर सरळ निजवून ठेवलं, सुरीला हात लावायचा नाही, कूस बदलायची नाही. शाहीननं मला बोलावलं. मी भाभीला उठवून स्वयंपाकघरात बसवलं, तिच्या हातात सुरी दिली, आणि म्हटलं, काप कांदा, काही होत नाही, मी हाय ना. ग्रहण सुटेपर्यंत आम्ही दोघींनी टोपलीभर कांदा कापला. डोळ्यांतून पाणी, आणि वरून हसणं. खाला दारात उभी राहून बघत होती. त्या दिवसापासून ती माझं नाव घेईना. "सायन्सवाली" म्हणायची, आणि शेजारणींना सांगायची की ही मुलगी म्हणते तेच खरं.

मंगळवारी दुपारी मी गेले. इफ्तारीची तयारी चालली होती. खाला हरभऱ्याची डाळ वाटत होती, भाभी भज्यांसाठी कांदा चिरत होती – आता सातवा महिना लागलेला. शाहीन माझ्या मागे उंबऱ्यात. खालानं हात पुसले आणि मला समोर बसवलं.

"टीवीवाल्याईचं मी नाही आयकत," ती म्हणाली. "बियानंवाले बी आले होते मांडव टाकून, कपाशीले काही होत नाही, काही होत नाही म्हनत. काय झालं ते मायासमोर हाय. तू सांग बाई. काही होनार नाही ना? तू नाही म्हन, मी उद्या पाठवतो हिले."

एवढंच करायचं होतं. नाही म्हणायचं. एक अक्षर आणि एक काना, दुसरं अक्षर आणि वेलांटी. त्या स्वयंपाकघरात मी एरवी त्यांच्यासारखीच बोलायची, मले-तुले करत. पण त्या दुपारी माझ्या तोंडून पुस्तकी मराठी आली. स्वच्छ, कॉलेजातली.

"शंभर टक्के असं कोणीच सांगू शकत नाही," मी म्हटलं. "सांगता येत नाही, खाला."

भाभीनं सुरी खाली ठेवली. अर्धा कांदा तसाच पाटावर, आणि तिचा हात पोटावर गेला. ते मी पाहिलं. पाहूनही शब्द मागे घेतला नाही.

तुम्ही म्हणाल, यात खोटं काय? विज्ञानात शंभर टक्के काही नसतंच की. हो, नसतं. मीही कित्येक वर्षं स्वतःला हेच सांगितलं. पण मला कोणी विज्ञान विचारलं होतं का? तिनं विचारलं होतं, पोरीला पाठवू का. त्याचं उत्तर मला शंभर टक्के माहीत होतं.

आणि शाहीन – ती माझ्यावर चिडेल म्हणून मी मान वर करत नव्हते. केली तेव्हा ती विचार करत होती. माझ्या वाक्याचा, विज्ञान म्हणून, प्रामाणिकपणे. मग हळूच म्हणाली, बरोबर आहे अम्मी हिचं, शून्य धोका असं कोणालाच म्हणता येत नाही. तिनं माझीच बाजू घेतली. स्वतःच्या विरुद्ध. निघताना खाला म्हणाली, तू बी जाऊ नको बाई. मी म्हटलं, बघतो, बाबा काय म्हनते. हे पुन्हा आमच्या बोलीत बोलले. खोटं बोलायला तीही चालली.

बुधवारी सकाळी मी अकोल्याच्या गाडीत खिडकीशी बसले. गाडी अर्धी रिकामी. कंडक्टर गमत्या होता. आज जग बुडून राहिलं, परतीचं तिकीट कोणी मागू नका, म्हणत होता. मी हसले. मला चांगलं आठवतं, मी मनापासून हसले.

मुलाखती दुपारी बारापासून होत्या. आम्ही सहा-सात जण व्हरांड्यात बाकावर. शिपाई यादी घेऊन आला, आणि माझ्या आधी त्यानं शाहीनचं नाव पुकारलं. दोनदा. कोणी उठलं नाही. त्यानं विचारलं, कोणी वयखते का यायले? दर्यापूरच्या हायत म्हनते. मी दर्यापूरची होते. मी माझ्या फायलीची दोरी सोडली आणि पुन्हा बांधली.

आत तीन जण होते. मधल्या म्हाताऱ्या सरांनी पहिलाच प्रश्न तो टाकला. आज ते यंत्र सुरू होतंय, लोक घाबरलेत, तुम्ही गावात असता, काय सांगाल लोकांना? मी सांगितलं. आभाळातून रोज आदळणारे कण सांगितले, चंद्र सांगितला, सूर्य सांगितला, कोट्यवधी वर्षं सांगितली. जीपची वाट पाहण्याचंसुद्धा सांगितलं, तेव्हा ते तिघे हसले. मग सरांनी रोखून विचारलं, म्हणजे धोका नाही? मी म्हटलं, नाही. सर म्हणाले, आज इतकं ठाम कोणी बोललं नाही. माझी नोकरी त्या एका "नाही"वर लागली. शाहीनच्या वाक्यांवर, आणि त्या "नाही"वर.

तुम्हाला वाटत असेल, हेच ते. नाही. अजून आहे.

बाहेर आले. कोपऱ्यातल्या पानठेल्यावर टीव्ही होता. यंत्र सुरू झालं होतं. गोरे लोक टाळ्या वाजवत होते. जग जागच्या जागी. रस्त्यावर गाढवं उभी होती, ऊन होतं. शिपायानं फाटकाशी येऊन मला सांगितलं, साहेब पाच वाजेपर्यंत हायत, त्या दर्यापूरच्या मॅडम उशिरा आल्या तरी घेतीन, मार्क चांगले हायत म्हने त्यायचे. दोन वाजून गेले होते. दर्यापूरहून तेव्हा निघालं तर पाचाच्या आत पोचता येतं. माझ्या पिशवीत मोबाईल होता. गादीच्या दुकानाचा नंबर मला पाठ होता – आजही आहे. आता तर भ्यायचंही कारण नव्हतं. काही झालं नाही, ये, एवढं म्हणायचं होतं. खालानं स्वतः हात धरून तिला गाडीत बसवलं असतं.

मी फाटकासमोर उसाचा रस प्यायले. मग दुसरा ग्लास घेतला. रसवाल्याच्या घड्याळात पाच वाजलेले पाहिले आणि स्टँडकडे चालू लागले.

कोणी माझ्यावर जबरदस्ती केली होती का? कोणी मला फसवलं होतं? तीन तास मी एकटी होते, आणि फोन माझ्या मांडीवरच्या पिशवीत होता.

नंतर मी शाहीनला सांगितलं, बाबांनी जबरदस्तीनं नेलं. तिनं विश्वास ठेवला. वर मला म्हणाली, बरं झालं गेलीस, दोघींतल्या एकीला तरी मिळालं. खालानं ईदला माझ्यासाठी शीरखुर्म्याचा डबा पाठवला – पोरगी जिवावर उदार होऊन गेली म्हणून. तो मी खाल्ला. पुढच्या वर्षी दर्यापूरच्या कॉलेजात विज्ञानाला मुली कमी पडल्या. कापूस वेचायला घरोघरी हात हवे होते, पोरी शाळेतून सुटल्या त्या शेतातच गेल्या. वर्ग बंद झाला, शाहीनचे तास गेले. मग तिचं लग्न झालं, परतवाड्याला. घरी शिकवण्या घेते, असं कानावर यायचं. भाभीचं बाळ चांगलं सुदृढ झालं. हे मी मुद्दाम चौकशी करून माहीत करून घेतलं होतं.

मागच्या उन्हाळ्यात मी दर्यापूर स्टँडवर गाडीची वाट पाहत होते. मागून कोणीतरी डोळे झाकले. शाहीन. केस पांढरे, हसणं तेच. बरोबर तिची मुलगी, बारा-तेरा वर्षांची, चष्मा लावलेली, हातात जाड वही. अर्धा तास ती भरभरून बोलत होती. मुलगी हुशार आहे, अवकाशाचं वेड आहे, सारखी का-का विचारते. मग तिनं मुलीला माझ्यापुढे उभं केलं.

"हे वैशाली मावशी," ती म्हणाली. "त्या महाप्रयोगाच्या वक्ती सगळे खोटं बोलून राहिले होते. टीवीवाले एकीकडून, मी बी काहीच होत नाही म्हनत अम्मीले फसवून जायले पाहत होतो. हे एकटी खरं बोलली. माणसानं असं राहावं."

मी त्या पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला. दुसरं काय करणार होते? करता आलं असतं, पुष्कळ करता आलं असतं. समोर तीच होती, गाडीला वेळ होता.

मुलीनं चष्म्यातून माझ्याकडे पाहिलं. तिच्या आईसारखंच पाहणं – उत्तर पूर्ण मिळेपर्यंत नजर न हटवणारं. तिनं विचारलं, "मावशी, मग त्या दिवशी खरंच काही झालं असतं का?"

शाहीनही माझ्याकडेच बघत होती. हसत, वाट बघत.

"सांगता येत नाही," मी म्हटलं.

"पाह्यलं?" शाहीन मुलीला म्हणाली. मुलीनं वही उघडली आणि ते लिहून घेतलं.